अनेक नायकांच्या कथेचा शेवट

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी दिवसा शाळा केली आणि धान घरात आले की रात्री गावातल्या पोरांना जमवून नाटक बसवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी दूरचित्रवाणीवरच्या सुपरहिरोंच्या मालिकांबद्दल, त्यातही हंगामाच्या शेवटच्या भागाबद्दल बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. हा विषय मी पूर्ण विचारांती घेतला आहे. आज मूल, सिंदेवाही, वडसा, चामोर्शी, अहेरी इथली मुले रात्री पांघरुणात मोबाइल धरून ज्या कथा बघतात, त्यांची मांडणी गुरुजींच्या नाटकापासून वाटते तितकी दूर नाही. दोन्हीकडे एक मंडळी असते. मंडळीतल्या प्रत्येकाच्या अंगी वेगळा गुण असतो आणि एखादी खोटही असते. मोठे संकट येते, आपसात फाटाफूट होते, आणि हंगाम संपता संपता त्या सगळ्याचा निकाल लावावा लागतो.

तो कसा लावायचा, एवढाच आजचा प्रश्न आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कथेचा शेवट हे कथाकारावरचे प्रेक्षकांचे देणे असते. ते वेळेवर, पुरेपूर आणि सर्वांसमक्ष फेडावे लागते. आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीला हे फार पूर्वी उमगले. कोट्यवधी रुपये खर्चून निघणाऱ्या मालिकांना ते कधी साधते, कधी साधत नाही.

संघाची कथा अवघड का

एकट्या नायकाची कथा संपवणे तुलनेने सोपे असते. तो जिंकतो, हरतो किंवा मरतो. नायक पाच-सात असले की हिशेब वाढतो. शेवटच्या लढाईत प्रत्येकाला त्याच्या गुणाला साजेसे काम मिळाले पाहिजे. ज्याला सगळ्यांनी कमी लेखले, त्याच्या हातून एखादी गोष्ट घडली पाहिजे. रुसून गेलेला परत यायचा असेल, तर त्याच्या परतण्याला कारण हवे. आणि विजयाची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे, नाहीतर आधीची सगळी भीती खोटी ठरते. चाळीस-पन्नास मिनिटांत हे सारे बसवायचे म्हणजे लेखकाची कसोटी लागते.

हे कसब आपल्याकडे नवे नाही. महाभारताचे विराटपर्व आठवा. पाच भाऊ आणि द्रौपदी, सहा जण, एक वर्ष ओळख लपवून राहतात. युधिष्ठिर कंक होऊन राजाशी द्यूत खेळतो, भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात राबतो, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवतो, नकुल घोडे सांभाळतो, सहदेव गाईगुरे राखतो आणि द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते. प्रत्येकाचे लपणे त्याच्या गुणातूनच आले आहे. वर्ष संपता संपता कौरव विराटाची गुरे पळवायला येतात, तेव्हा ओळख उघडी करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आजच्या मालिकांतले मुखवटे, दुहेरी आयुष्य आणि हंगामाच्या अखेरीस ओळख फुटणे, हे सगळे तिथे आहे, आणि कोणाचाही वाटा बुडालेला नाही.

पुढचा शेवट तर त्याहून कठोर आहे. युद्ध जिंकलेला हा संघ महाप्रस्थानाला निघतो आणि वाटेत एकेक जण पडत जातो. युधिष्ठिर आणि एक कुत्रा, एवढेच उरतात. बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ मालिका २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाली आणि ९४ भागांनंतर भीष्मांच्या निर्वाणापाशी थांबली. महाप्रस्थान तिने दाखवले नाही. थांबायची जागा निवडणे हा मालिकेचा अधिकार होता. तरी संघाच्या कथेचा खरा शेवट विजयाच्या पुढे असतो, हे व्यासांच्या परंपरेने पक्के सांगून ठेवले आहे.

शेवटावर प्रेक्षकांचा हक्क असतो, याचा मोठा पुरावा या मालिकेच्या थोडा आधी मिळाला होता. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ ला राज्याभिषेकाने संपली. उत्तरकांड दाखवले जाणार नाही, हे कळल्यावर पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला आणि त्याचे लोण इतर शहरांतही गेले. त्यांच्यातले अनेक जण वाल्मीकी ऋषींना आपले मूळपुरुष मानणारे. रामायण रचणारे वाल्मीकी स्वतः कथेत येतात, सीतेला आश्रय देतात, लव-कुशांना वाढवतात, तो भाग उत्तरकांडातला. तोच गाळला तर आपल्या माणसाला कथेतून काढून टाकल्यासारखे होते, ही त्यांची भावना होती. शेवटी सरकारला पुढचे भाग करून घ्यावे लागले. शहरे स्वच्छ ठेवणाऱ्या माणसांनी कथेतला आपला वाटा मागितला आणि मिळवला. दूरचित्रवाणीच्या इतिहासात ही घटना मला फार मोलाची वाटते.

दोन मालिका, दोन निरोप

आता आपली मुले पाहतात त्या मालिकांकडे येऊ. दोन उदाहरणे पुरेत.

पहिले, ‘लेजंड्स ऑफ टुमॉरो’. २०१६ साली अमेरिकेत सुरू झालेली ही मालिका. कोणाच्याच खिजगणतीत नसलेले काही जण काळाच्या जहाजातून फिरतात आणि बिघडलेला इतिहास सांधतात. त्यातली पात्रे बदलत राहिली, पण ही एकमेकांना धरून राहणारी उनाड माणसे प्रेक्षकांना जवळची वाटत गेली. २ मार्च २०२२ ला सातव्या हंगामाचा शेवटचा भाग झाला. त्याच्या अखेरीस काळाचे पोलीस येतात आणि सगळ्यांना पकडून नेतात. पुढच्या हंगामात सोडवू, या भरवशावर लेखकांनी कथा तिथे टांगून ठेवली. एप्रिलच्या अखेरीस वाहिनीने मालिका बंद केली. ती माणसे कायमची अटकेत राहिली. सात हंगाम सोबत चाललेल्या प्रेक्षकांना निरोपसुद्धा मिळाला नाही.

दुसरे, ‘एजंट्स ऑफ शील्ड’. २०१३ ते २०२० असे सात हंगाम चाललेली मालिका. हा हंगाम शेवटचा, हे तिच्या लेखकांना आधी ठाऊक होते आणि त्या माहितीचे त्यांनी सोने केले. १२ ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या भागात संकट टळते, मग कथा एक वर्ष पुढे जाते. सगळे पुन्हा भेटतात, पण संगणकाने उभ्या केलेल्या आभासी बैठकीत, कारण प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी आहे. संघातली मे नव्या मुलांना शिकवते आहे, डेझी दूर अंतराळात कामावर आहे, फिट्झ आणि सिमन्स आपल्या लहान लेकीला वाढवत आहेत. थोडे बोलतात आणि एकेक करून आपल्या कामाला परत जातात. कोणी हरलेले नाही, कोणी मेलेले नाही, तरी पाहणाऱ्याचा गळा दाटतो. एकत्र असण्याचे दिवस संपले आणि ते संपणे योग्यच होते, हे त्या भेटीत प्रामाणिकपणे कबूल केलेले आहे.

पहिल्या मालिकेच्या लेखकांना मी नालायक म्हणणार नाही. त्यांच्या हातात पुढचा हंगाम नव्हता, तो वाहिनीच्या हातात होता. दोष त्या व्यवस्थेचा आहे. प्रेक्षकाला परत आणायचे म्हणून दर वर्षी कथा अर्धवट तोडायची, आणि आकडे घसरले की दुकान बंद करायचे, अशी ती चाल आहे. अशा चालीत शेवट हे आमिष होऊन बसते. माझा विरोध त्याला आहे.

झाडीपट्टीचा हंगाम

आपल्याकडे हंगाम कसा चालतो, ते इथे बसलेल्यांना सांगायची गरज नाही. पण हे व्याख्यान छापले जाणार आहे आणि ते झाडीपट्टीबाहेरही वाचले जाईल, म्हणून सांगतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळी आटोपली, धान कापून झाले की मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर नाटके. दंडार, खडी गंमत या जुन्या लोकरंगाच्या अंगणात ही रंगभूमी वाढली. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचे मुख्य ठाणे. तिथे कंपन्यांची कार्यालये आहेत. गावोगावची मंडळे तिथे येतात, नाटक ठरवतात, बयाना देतात, तारीख घेतात. होळी जवळ येईपर्यंत कंपन्या रोज रात्री नव्या गावात असतात. शंकरपटाशीही या नाटकांचे नाते जुने आहे. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा पटाच्या आधारावर चालणारी नाटकेही अडचणीत आली. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने शर्यतींना पुन्हा वाट दिली आणि गावांना हायसे वाटले. करोनाच्या वर्षी रात्रीच्या गर्दीवर बंधने आली, तेव्हा अनेक कलावंतांवर हाताला मिळेल ते काम करण्याची वेळ आली.

रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो. खरी परीक्षा तीन-चार वाजता असते, आणि तीच वेळ आपल्या विषयाची आहे. थंडी हाडात शिरलेली असते. खाली तणीस, त्यावर चटई, अंगावर ब्लँकेट. लहान पोरे आईच्या मांडीवर झोपलेली. मंडपाच्या कडेला चहाची टपरी आणि शेकोटी. माहेरी आलेल्या लेकी, सोयरे, जावई, सगळे एका ठिकाणी. लावणी होऊन गेली, विनोदी नटाने दोनदा मंडप डोक्यावर घेतला, आता तिसरा अंक. ऑर्गनचा सूर खाली येतो. प्रॉम्प्टरचा आवाज पुढच्या ओळीत बसलेल्यांना ऐकू येतो, तरी त्यांचे लक्ष ढळत नाही. ज्या सासूला रात्रभर शिव्या घातल्या, तिचा हिशेब होतो. दारूत बुडालेल्या बापाचा, फसवून गेलेल्या धाकट्याचा, मुकाट सोसणाऱ्या थोरल्या सुनेचा, एकेकाचा निकाल लागतो. बायका पदराने डोळे पुसतात. उजाडायच्या आत कथा पुरी झालेली असते. ‘उर्वरित भाग पुढच्या वर्षी’ असे सांगून पडदा पाडला, तर मंडळाच्या पोरांना गावात तोंड दाखवता येणार नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आजच्या मालिकांचे चाहते शेवट आधी कळू नये म्हणून जिवाचे रान करतात. कोणी सांगून टाकला तर भांडणे होतात. झाडीपट्टीत नवरगावच्या सदानंद बोरकरांच्या एका गाजलेल्या नाटकाचे नाव ‘माझं कुंकू मीच पुसलं’ असे आहे. फलकावर शेवट लिहिलेला आहे आणि तरी माणसे त्यासाठी रात्र जागवतात. काय होणार हे कळण्यासाठी ती आलेली नसतात. ते कसे होते, त्या बाईवर तशी वेळ का येते, हे आपल्या माणसांच्या शेजारी बसून पाहायला ती आलेली असतात. चांगला शेवट आधी ठाऊक असला तरी झिजत नाही, ही कसोटी सुपरहिरोंच्या मालिकांनाही लावावी. तिला उतरणारे शेवट थोडे निघतील, पण तेच टिकतील.

आणि इथला संघ कोणता? फलकावर मोठ्या अक्षरांत नाव असते ते नायक-नायिकेचे. पण पुस्तक हातात धरून सगळे नाटक तोलून धरणारा प्रॉम्प्टर, ऑर्गन आणि तबला वाजवणारे, नेपथ्य लावणारे, रात्रीची झोप न घेता पहाटे सामान भरून पुढच्या गावाची वाट धरणारा चालक, तिकिटे खपली नाहीत तर खिशातून भर घालणारी गावच्या मंडळाची पोरे, हे सगळे त्या संघात आहेत. कुरखेड्याकडच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आनंद साऱ्या झाडीपट्टीला झाला, कारण तो सन्मान या सगळ्यांच्या वाट्याचा होता. हंगाम संपला की यातले कितीतरी जण शेतावर, शाळेत, दुकानात, मजुरीवर परत जातात. ‘एजंट्स ऑफ शील्ड’मधला संघ शेवटच्या भेटीनंतर आपापल्या कामाला गेला, तेव्हा मला ही माणसे आठवली.

जंगोम सेनेचा शेवटचा भाग

आपल्या मातीत संघनायकांची एक खरी कथा आहे आणि तिच्याकडे आपण लेखक म्हणून अजून पुरते पाहिलेले नाही. बाबुराव शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, आताच्या अहेरी तालुक्यातल्या किष्टापूरचा. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला हा गोंड तरुण. १८५७ च्या वाऱ्यात त्याने जंगोम सेना उभारली. तिच्यात गोंड होते तसे रोहिलेही होते. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाले. मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. नांदगाव-घोसरीला इंग्रजांच्या फौजेशी गाठ पडली. गढीसुर्लाच्या डोंगरावरून दगड लोटून त्यांनी फौज अडवली. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले, तिसरा पीटर निसटला. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, डेप्युटी कमिशनर क्रिक्टन मग हात धुऊन मागे लागला.

पुढचा भाग कोणत्याही मालिकेच्या लेखकाला हेवा वाटावा असा आहे. बळाने हाती न येणारा माणूस क्रिक्टनने फितुरीने धरायचे ठरवले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. त्यांच्या माणसांनी सप्टेंबर १८५८ मध्ये बाबुरावांना पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे २५. व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पण १८६० मध्ये तेही हाती लागले आणि त्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जप्त झालेली अडपल्ली-घोटची जमीनदारी लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

लोकांनी हा शेवट जसाच्या तसा ठेवला नाही. बाबुरावांच्या अंगी अलौकिक शक्ती होती, फास पुन्हा पुन्हा सुटला, अशा कथा आजही सांगितल्या जातात. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या कथा कागदपत्रांपासून वेगळ्या ठेवाव्यात, हे बरोबरच आहे. पण कथाकाराने त्यांना हसू नये. ज्यांच्यापाशी बंदुका नव्हत्या, त्यांनी आपल्या माणसाला फास लागू नये एवढे बळ कल्पनेने दिले. महानायक जन्माला येतो तो असा. परदेशातल्या चित्रकथांनी शोधून काढण्याच्या कितीतरी आधी आपल्या जंगलाने हे केलेले आहे.

ही कथा मालिका म्हणून लिहायची झाली, तर शेवटच्या भागात काय असावे? फासाचा प्रसंग असेलच. पण तेवढ्यावर थांबलो, तर ती एकट्या वीराची गोष्ट होईल. डोंगरावरून दगड लोटणाऱ्या, नावे न लिहिल्या गेलेल्या तरुणांचे पुढे काय झाले, त्यांच्या घरच्यांनी काय सोसले, हे त्यात आले पाहिजे. एका पाड्यावर लपलेल्या रोहिल्याला भाकर देणारी गोंड बाई आली पाहिजे. लक्ष्मीबाईंनाही काळ्या रंगात बुडवून मोकळे होऊ नये. आपली जमीनदारी टिकवण्याची भीती माणसाकडून काय करवून घेते, हे दाखवायला हवे. व्यंकटरावांची शिक्षा यायला हवी. आणि आजची गोष्टही हवी: चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातल्या पिंपळापाशी दर २१ ऑक्टोबरला माणसे जमतात. सैन्य मोडले, नायक गेला, आणि कथा लोकांच्या ताब्यात आली. असा शेवट लिहिला गेला, तर त्याला पुढच्या हंगामाचे आमिष लावावे लागणार नाही.

आपले काम

आता शेवटी कामाचे बोलतो.

पहिले. झाडीपट्टीची कितीतरी नाटके अजून प्रॉम्प्टरच्या हातच्या वह्यांत आहेत. कडा कुरतडलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या, रोज रात्री नव्या गावी वाचल्या जाणाऱ्या त्या वह्या हा आपला ग्रंथ आहे. कंपन्यांनी आणि गावमंडळांनी त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, गावोगावी महाविद्यालये आहेत. त्यांनी या वह्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत, लेखकाचे नाव आणि पहिल्या प्रयोगाचे गाव नोंदवून ठेवावे. हे काम मोठ्या निधीवाचून होण्याजोगे आहे. एक मोबाइल आणि दोन विद्यार्थी पुरतात.

दुसरे. हंगाम संपतो तेव्हा कलावंतांचे हिशेब त्याच रात्री पुरे करा. शेवटच्या प्रयोगाचे मानधन पावसाळ्यावर ढकलू नका. ज्या गावाला नाटकाचा शेवट अर्धवट चालत नाही, त्याला हा हिशेबही अर्धवट चालता कामा नये.

तिसरे, इथे बसलेल्या तरुण मुलामुलींना. तुम्ही पाहता त्या मालिका पाहा, आवडीने पाहा, त्यांच्या लेखकांनी शेवट कसा बांधला ते वहीत मांडून बघा. मग जंगोम सेना लिहा. झाडीबोलीत लिहा, गोंडीत लिहा, मराठीत लिहा. जुन्या माणसांकडे बसून तिच्या कथा ऐकून घ्या, कागदपत्रे वाचा, आणि कोणती गोष्ट कुठून घेतली ते प्रामाणिकपणे सांगा. रंगमंचासाठी लिहा किंवा मोबाइलवरच्या आठ भागांसाठी लिहा. एक पथ्य पाळा: पहिला भाग लोकांपुढे ठेवण्याआधी शेवटचा भाग लिहून हातात असू द्या. गुरुजींच्या स्मृतीला त्याहून चांगली आदरांजली मला सुचत नाही.